परदेशच्या नोकरीचे कागद आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या कुणा विदुषीला बोलावितो, तिचे विचार ऐकतो आणि नारळ-खण देऊन पाठवितो. यंदा अध्यक्षीणबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर मंडळातले माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि चैत्राच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ वाटणे. तेव्हा बोलण्यात काही चुकले-माकले तर पोटात घाला. पण विषय मीच मागून घेतला आहे. तो मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. पदरचे सोने मोडून शिकलेला आहे.

आपल्या या खाडीकाठच्या वाडीत असे घर विरळा, की ज्याचे कुणी ना कुणी दर्यापार नाही. आपले आजे-पणजे गलबतावर जात, नंतरचे आगबोटीवर गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात रस्ते, इमारती, कारखाने उभे राहू लागले आणि आपली माणसे तिकडे वळली. पलीकडच्या मोहल्ल्यातली मंडळी आधी गेली, मग आपल्या वाडीतली. त्या पैशांवर घरांना स्लॅब पडले, मुलींची लग्ने झाली, मुलांची कॉलेजे झाली. हे मी नाकारीत नाही. जाऊ नका, असे सांगायला मी उभी नाही. कसे जावे आणि जाण्यापूर्वी घरातल्या बाईने काय पाहावे, एवढेच सांगायचे आहे.

त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. २०१४ ते २०१७ या काळात तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मला विचारले असेल, "धाकटा कसा आहे गं सौदीला?" आणि मी सांगत असे, "छान आहे, पगारही वाढला." ते खोटे होते. देवळात विचारलेत तेव्हाही मी खोटेच सांगितले. आज ते खरे करून सांगते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझा धाकटा दीर दहा वर्षांचा होता. दीर असला तरी त्याला मी अरे-तुरेच करते, कारण त्याची पाटी-पुस्तके मीच भरली आहेत. शाळेत त्याचे मन रमले नाही. नववीत दोनदा नापास झाला. मग टेम्पोवर किन्नर, नंतर टेम्पोचा ड्रायव्हर. चोविसाव्या वर्षी त्याने धरले, सौदीला जायचे. ओळखीच्या एकाने मुंबईच्या एका एजंटाची गाठ घालून दिली. एजंट म्हणाला, "आझाद व्हिसा देतो. कुणाची नोकरी नाही, कुणाची गुलामी नाही. तिकडे उतरायचे आणि जिथे चार पैसे जास्त मिळतील तिथे काम करायचे."

‘आझाद’ हा शब्द किती गोड! सासूबाईंना तर वाटले, मुलगा तिकडे मालकच होणार. घरचे कचरत होते. म्हणाले, एवढी रक्कम आणायची कुठून? एजंटाने १ लाख ३० हजार मागितले होते. तेव्हा मीच पुढे झाले. माझ्या दोन पाटल्या मोडल्या, उरलेले हातउसने घेतले. मोठेपणा मिरविण्याची हौस मलाही होतीच. माझ्या दिराला मी परदेशी पाठविले, असे म्हणता आले असते. एजंटाने हिरव्या शिक्क्यांचे चार कागद दाखविले. अरबी मला येत नाही, इंग्रजी अक्षरे जुळवून वाचते. मी कागद उलटसुलट केला, कपाळाला लावला आणि परत दिला. त्या दिवशी त्या कागदावर काय लिहिले आहे एवढे कुणाला तरी विचारले असते, तर पुढची तीन वर्षे वाचली असती.

त्या कागदावर त्याचा धंदा लिहिला होता ‘सायक खास’, म्हणजे एखाद्या घरचा खाजगी ड्रायव्हर. आम्हांला तोंडी सांगितले होते दुकानाच्या मालवाहू गाडीवरचे काम. सरकारी कचेरीत दाखविलेला करार एका कामाचा आणि घरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच कामाची.

आता तिकडची रीत काय आहे ती समजावून घेऊ. परदेशात कामाला जाणाऱ्याला तीन निरनिराळ्या परवानग्या लागतात आणि आपण तिन्हींना ‘व्हिसा’ म्हणून मोकळे होतो. मी ती घराच्या हिशेबाने लक्षात ठेविली आहे. पहिली, व्हिसा. म्हणजे अंगणाचे दार उघडले. आत या, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी, कामाचा परवाना. म्हणजे अमक्या मालकाकडे अमके काम करायला मुभा आहे. तिसरी, राहण्याचा परवाना. त्याचे कार्ड मिळते. सौदीत त्याला ‘इकामा’ म्हणतात, आपली मुले ‘अकामा’ म्हणतात. हे कार्ड म्हणजे त्या देशातले रेशनकार्डच समजा. त्यावाचून बँकेतून पैसे पाठविता येत नाहीत, नावावर टेलिफोन घेता येत नाही, दवाखान्यात पाऊल टाकायची चोरी. अंगणाचे दार उघडले म्हणजे घरात राहायला मिळाले असे नव्हे, हे आपण सासरी आलेल्या बायकांना कुणी सांगायला नको!

यातली गोम अशी, की दुसरी आणि तिसरी परवानगी मालकाच्या नावाशी बांधलेली असते. तिकडे त्या मालकाला ‘कफील’ म्हणतात. कफील म्हणजे जामीनदार. या माणसाची जबाबदारी माझी, असे तो सरकारला लिहून देतो. आपल्याकडे एक नोकरी सुटली तर माणूस घरी बसतो, दुसरी शोधतो. तिकडे नोकरी सुटली तर राहण्याचा हक्कही डळमळतो. म्हणून कफीलच्या हाती कामगाराची शेंडी असते. चांगला मालक असेल तर निभावते. तसे पुष्कळ आहेत. मोहल्ल्यातल्या चाचींचे यजमान एकाच कफीलकडे कितीतरी वर्षे राहिले आणि म्हाताऱ्या कफीलने निरोप देताना डोळे पुसले, असे चाची सांगतात. पण वाईट गाठ पडली तर सुटणे कठीण.

आणि आता तो ‘आझाद व्हिसा’. भगिनींनो, असा व्हिसा कुठल्याही सरकारच्या वहीत नाही. कुणीतरी कफील आपल्या नावावर परवाना काढतो, पण काम देत नाही. तो परवाना एजंट विकत घेतो आणि आपल्या मुलाला चढ्या भावाने विकतो. मुलगा तिकडे उतरतो तो नावाने एकाचा नोकर आणि कामाला दुसऱ्याच्या दारात. कायद्याने हा गुन्हा, आणि पकडला जातो तो कामगारच. वर कफीलला दरमहा हप्ता द्यायचा, तो निराळाच. नाव आझाद आणि पायात बेडी, असा तो प्रकार आहे.

आमच्या पोराचे तसेच झाले. विमानतळावरून कफीलच्या माणसाने नेले, पासपोर्ट ठेवून घेतला, इकामा करून दिला आणि सांगितले, महिन्याला ३०० रियाल आणून दे, बाकी तुझे तू बघ. वर्षभर त्याने भाजीबाजारात पेट्या उचलल्या, गाड्या धुतल्या, रात्री माल उतरविला. वर्ष संपले तेव्हा कफीलने इकाम्याच्या नूतनीकरणासाठी ४ हजार रियाल मागितले. खरे पाहता सौदीच्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमात स्पष्ट आहे, की कामगाराला आणण्याचा खर्च, इकामा, कामाचा परवाना, त्यांचे नूतनीकरण आणि काम संपल्यावर परतीचे तिकीट हा सारा खर्च मालकाचा. पण तो कायदा कंपन्या-दुकानांतल्या कामगारांचा. घरगुती नोकरांना त्यातून वगळलेले आहे. आणि आमचा मुलगा तर कागदोपत्री घरचा ड्रायव्हर! कागदावर कोणता धंदा लिहिला आहे यावरून माणसाला कोणता कायदा लागू होतो ते ठरते, हे आम्हांला इतक्या उशिरा कळले.

त्याच्याजवळ ४ हजार रियाल नव्हते. कफीलने सरकारात नोंद केली, की हा कामगार पळून गेला. त्या नोंदीला तिकडे ‘हुरूब’ म्हणतात. ज्या दिवशी ती नोंद झाली त्या दिवसापासून आमचे पोर त्या देशात चोर ठरले. चोरी कसलीच केली नव्हती. पासपोर्ट कफीलकडे, इकामा संपलेला, डोक्यावर हुरूब. काम देणारे मिळत, पण निम्म्या मजुरीवर, आणि महिना भरला की कुणी म्हणे, "जा, पोलिसात सांग." कुठे सांगणार? पैसे दुसऱ्याच्या नावाने, हस्ते-परहस्ते येत. कधी येत, कधी मधल्या मध्ये बुडत. घराबाहेर पडताना तो रस्त्यावरच्या गाड्या आधी बघे. दाढ दुखली तर कळ सोसून काढी.

२०१६ च्या पावसाळ्यात सासूबाई आजारी पडल्या. तुम्ही सर्व जणी येऊन गेलात, पेज-पाणी आणून दिलेत, ते मी विसरलेले नाही. त्या एकसारख्या विचारीत, "धाकटा निघाला का?" मी सांगे, "निघालाय, वाटेत आहे." तिसऱ्या दिवशीही मी म्हटले, "वाटेतच आहे." देशाबाहेर पडायलाही तिकडे परवाना लागतो आणि हुरूब असलेल्याला तो मिळत नाही. पकडून दिले असते तर तुरुंग, मग हद्दपारी आणि पुन्हा त्या देशात बंदी. अग्नी घरच्यांनी दिला. धाकट्याने तो टेलिफोनवर पाहिला, कुठल्याशा खोलीत दहा माणसांच्या मध्ये बसून, आवाज न करता. तेराव्याला तुम्ही विचारलेत, "रजा नाही मिळाली का?" मी म्हटले, "नाही मिळाली." मैत्रिणींनो, त्या दिवशी मी खरे बोलले असते तर तुमच्यापैकी कुणीतरी काहीतरी वाट सांगितली असती. पण इभ्रत आड आली. घरातले माणूस परदेशात बिनकागदाचे आहे, हे सांगण्याची लाज वाटली. लाज वाटायला हवी होती फसविणाऱ्याला. ती आम्ही वागविली.

वाट सांगितली ती मोहल्ल्यातल्या चाचींनी. त्यांच्या भाच्याकडून त्यांना कळले, की सौदी सरकारने २९ मार्च २०१७ पासून ९० दिवसांची माफी जाहीर केली आहे. ज्यांचे कागद नाहीत त्यांनी आपणहून पुढे यावे, दंड नाही, तुरुंग नाही आणि पुन्हा येण्याची बंदीही नाही. चाची दुपारच्या उन्हात आमच्या अंगणात येऊन म्हणाल्या, "तुजो दीर हुरूबात हाय, म्हायत हाय माका. आता तरी तोंड उघड." त्यांना ठाऊक होते आणि वर्षभर त्यांनी कुठे वाच्यता केली नव्हती!

मग धाकटा आपल्या वकिलातीकडे गेला. पासपोर्ट नव्हता, तेव्हा त्यांनी आपत्कालीन प्रमाणपत्र दिले. पासपोर्ट नसलेल्या भारतीयाला मायदेशी परतण्यापुरता तो कागद असतो. त्यावर तिकडच्या पासपोर्ट कचेरीने कायमचे बाहेर जाण्याचा शिक्का मारला. तिकीट आम्ही पाठविले. जूनमध्ये तो मुंबईस उतरला, कोकण रेल्वेने आला. हातात एक पिशवी. आला तो थेट आईच्या फोटोपुढे जाऊन बसला. त्या वर्षी गणपतीला तुम्ही त्याला पाहिलेत आणि म्हणालात, "वाळलास की रे!" तेवढेच.

ही झाली आमची कथा. आता त्यातून जे शिकले ते सांगते. ते मला धाकट्याने, चाचींच्या भाच्याने आणि मुंबईच्या कचेरीतल्या एका भल्या बाईंनी शिकविले.

पहिली गोष्ट पासपोर्टाची. ज्यांची दहावी झालेली नाही अशा बहुतेकांच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. म्हणजे ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारची उत्प्रवास मंजुरी घेतली पाहिजे. आखातातले सहाही देश, म्हणजे सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान आणि बहारीन, त्या यादीत आहेत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ही मंजुरी देणारे अधिकारी नेमले आहेत. त्यांची कचेरी मुंबईतही आहे. एजंट सांगतात, ही मंजुरी म्हणजे कटकट, आपण भेटीच्या व्हिसावर जाऊ म्हणजे ती लागणार नाही. भगिनींनो, ती कटकट नव्हे, ती चाळणी आहे. पिठात खडे असू नयेत म्हणून आपण पीठ चाळतो, त्याला कटकट म्हणतो का?

दुसरी गोष्ट एजंटाची. परदेशी नोकरभरती करणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते. नोंदणी आहे की नाही, ती चालू आहे की मुदत संपली, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आपल्या घरातल्या मुली दिवसभर टेलिफोन हातात घेऊन असतात. पाच मिनिटांचे काम आहे. नोंदणी असलेल्या एजंटालाही आपल्या कामाबद्दल ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि घेतले त्याची पावती द्यावी लागते. आम्ही २०१४ साली १ लाख ३० हजार दिले, तेव्हा ही मर्यादा २० हजारांची होती. आणि पावती? विचारली तेव्हा तो हसला. "वहिनी, विश्वासावर चालते हे सगळे." विश्वास आमचा होता, पैसे त्याचे झाले.

तिसरी गोष्ट विम्याची. उत्प्रवास मंजुरी घेणाऱ्यासाठी ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, त्यावर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपये मिळतात. शुभ वेळी अशुभ बोलू नये असे आपण मानतो. पण त्या कागदाची प्रत घरात असू द्या. जाणारा माणूस तो कागद बॅगेत घालून नेतो आणि घरी काहीच राहत नाही.

चौथी गोष्ट आपल्या बायकांची. स्वयंपाक, मुले सांभाळणे, म्हाताऱ्यांची सेवा यासाठी आपल्या बाजूच्या बायकांनाही विचारणा होते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या बाईला या देशांत नोकरीसाठी वयाची तीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि तिची भरती सरकारने ठरविलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. कुणी म्हणेल, हा बायकांवर अन्याय आहे. मलाही आधी तसेच वाटले. पण बंद घरात काम करणाऱ्या बाईच्या हाका कुणाला ऐकू येणार? तेव्हा विचारणारा माणूस घरगुती ओळखीचा असला तरी हा नियम त्याच्यापुढे ठेवा. तो चुकवायला सांगत असेल तर तिथेच नमस्कार करा.

पाचवी गोष्ट, काळ बदलला आहे, हेही सांगितले पाहिजे. कतारने २०२० साली नियम केला, की नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही. आणि मार्च २०२१ पासून सर्वांसाठी किमान मजुरी महिना १ हजार रियाल ठरविली, घरकाम करणाऱ्यांनाही धरून. सौदीनेही १४ मार्च २०२१ पासून कंपन्यांतल्या कामगारांना करार संपल्यावर नोकरी बदलण्याची आणि स्वतः अर्ज करून देशाबाहेर जाण्या-येण्याची मोकळीक दिली. पण त्या सुधारणेत घरगुती ड्रायव्हर, घरकामाचे नोकर, माळी, मेंढपाळ यांना घेतले नव्हते; त्यांचे नियम निराळे. म्हणून पुन्हा सांगते, कागदावर धंदा कोणता लिहिला आहे ते आधी वाचा. मुलगा गवंडी आणि कागदावर घरगडी, असे असेल तर सही करू देऊ नका.

आता शेवटची गोष्ट. ती अगदी अलीकडची, आणि माझ्या पोटच्या मुलाची आहे.

माझा थोरला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला. त्याला दुबईहून बोलावणे आले. माणूस म्हणाला, "आधी भेटीच्या व्हिसावर या, काम सुरू करा, दोन महिन्यांत पक्का करून देतो." मुलगा दहावी पास, त्यामुळे त्याच्या पासपोर्टावर ईसीआर नाही, उत्प्रवास मंजुरीची चाळणी त्याला लागूच नाही. इथेच आपण फसतो. आपल्याला वाटते, मुलगा शिकला, आता भीती नाही. खरे म्हणजे सरकारची चाळणी नसली तर घरच्या चाळणीची गरज अधिकच.

मी नाही म्हटले. अमिरातीत भेटीच्या व्हिसावर काम करणे हा गुन्हा आहे. परवान्यावाचून माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाखापासून १० लाख दिरहॅमपर्यंत दंड आहे. जो मालक एवढ्या दंडाची पर्वा करीत नाही तो माझ्या मुलाच्या पगाराची काय करणार? व्हिसाची मुदत संपल्यावर राहिले तर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढतो. महिन्याचे १५०० होतात! एवढा दंड पोराने कोठून भरायचा? २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत अमिरातीने माफी दिली होती, तेव्हा तसे अडकलेले कित्येक सुटले. पण माफी ही काही दरवर्षी येणारी दिवाळी नव्हे. तिच्या भरवशावर पोर पाठवू नये.

मुलगा रागावला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ताट वाढले की जेवायचा आणि उठायचा. एक दिवस म्हणाला, "तुला सातवीत काय कळते? माझ्याबरोबरचे गेलेसुद्धा." मला लागले. पण मी काही बोलले नाही. बोलला तो धाकटा. आठ वर्षांत तो त्या दिवसांविषयी कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. त्या रात्री त्याने पुतण्याला पडवीत बसविले आणि सगळे सांगितले. भाजीबाजार, हुरूब, दाढदुखी, आणि आईचा अग्नी. मी आत भांडी घासत होते, नळ बंद करून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मुलाने त्या माणसाला टेलिफोन करून सांगितले, "कामाचा परवाना पाठवा, मग येतो." तो माणूस पुन्हा बोलला नाही. हाच त्याचा खरेपणा!

सात महिने मुलगा इथेच तालुक्याला काम करीत राहिला. मग नोंदणी असलेल्या एजंटाकडून अमिरातीतल्याच दुसऱ्या कंपनीचे काम आले. तिथली रीत अशी, की आधी ठरावीक नमुन्यातले नोकरीचे पत्र द्यावे लागते. त्यात पगार, काम, सुट्टी सारे असते, आणि ते अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या भाषेतही मिळते. त्या भाषांत हिंदी आहे. ते हिंदी पत्र मी स्वतः, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचले. सातवीचा मला तेवढा उपयोग झाला. सही झाली, कामासाठीचा प्रवेश परवाना आला, मग मुलगा गेला. महिनाभराने त्याने तिथल्या ओळखपत्राचा फोटो पाठविला. धाकट्याने तो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला आणि मला म्हणाला, "वहिनी, धंदा तोच लिहिलाय." आणि उठून अंगणात गेला. मी त्याच्या मागे गेले नाही.

मैत्रिणींनो, माझ्या पाटल्या परत झालेल्या नाहीत. त्याचे मला आता काही वाटत नाही. पण त्या किमतीला घेतलेले शहाणपण माझ्या एकटीच्या पेटीत राहू नये, म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेविते.

आपल्याकडे वहीखाते आहे, भिशी आहे. त्याच कपाटात एक फाईल ठेवू. ज्या घरचे माणूस परदेशी जाणार असेल त्या घरच्या बाईने जाण्यापूर्वी पैसे देण्याच्या आधी कागद घेऊन मंडळात यावे. आपल्या बारावी झालेल्या दोन-तीन मुली एजंटाची नोंदणी पाहतील. चाचींचा भाचा अरबी वाचून देतो म्हणाला आहे. धाकट्यानेही कबूल केले आहे, की तो येऊन बसेल. त्याच्यासारखे हे कागद कुणाला कळणार? पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाची पावती या पाच कागदांच्या प्रती त्या घरात राहतील याची खातरजमा आपण करू. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो मालकाने ठेवून घ्यायचा नसतो, हे जाणाऱ्याला निक्षून सांगू. आणि अडचण आली तर वकिलात आहे, दुबई, रियाध, जेद्दा येथे सरकारची प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत, अडलेल्यांच्या मदतीसाठी २००९ पासून वकिलातींत कल्याण निधी आहे, हेही त्याच्या कानावर घालू.

आणि एक शेवटचे. तुमच्यापैकी एखादीचे माणूस आज या घडीला तिकडे बिनकागदाचे असेल. मी विचारणार नाही. पण तिने माझ्यासारखे ‘छान आहे’ म्हणत तीन वर्षे काढू नयेत. माझे दार मागच्या बाजूनेही उघडते. ती येईल तेव्हा मी चहा ठेवीन, आणि आपण दोघी चाचींकडे जाऊ. त्यांनी मला जे सांगितले तेच मी तिला सांगेन, आता तरी तोंड उघड.